वाचक विचारतात : टिटवी आणि तिची उघड्यावरची अंडी

उन्हाळा तापू लागला की सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एका पक्ष्याविषयीची विचारणा हमखास असते. कोणी त्याच्या ओरडण्याने हैराण झालेले असते, कोणाला शेतात त्याची अंडी सापडलेली असतात, तर कोणाला त्याच्याविषयी घरात चालत आलेल्या समजुती खऱ्या की खोट्या हे जाणून घ्यायचे असते. ही सगळी पत्रे एकाच पक्ष्याभोवती फिरत असल्याने या वेळचे सदर त्या पक्ष्यालाच दिले आहे.

प्रश्न : आमचे घर जुळे सोलापूर भागात आहे. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मुरूम आणि खडी पसरलेली आहे. तिथे लांब पिवळ्या पायांचा एक पक्षी सतत फिरताना दिसतो आणि आम्ही कुंपणाजवळ गेलो की डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडतो. परवा मुलाने खडीत चार ठिपकेदार अंडी पाहिली, परंतु घरटे म्हणावे असे काहीच नाही. हा पक्षी कोणता? अंडी त्याने टाकून दिली आहेत का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा पक्षी टिटवी आहे आणि अंडी टाकून दिलेली नाहीत. तुम्ही कुंपणाजवळ जाताच तो ओरडतो, यावरूनच त्याचे लक्ष अंड्यांवर आहे हे कळते.

ओळख पक्की करण्यासाठी पुढच्या वेळी गच्चीतून किंवा खिडकीतून शांतपणे पाहा. टिटवी साधारण तित्तिराएवढी दिसते, पण पाय लांब असल्याने उंच वाटते. तिची लांबी ३२ ते ३५ सेंटिमीटर असते. डोके, गळा आणि छाती काळी, पाठ आणि पंख फिकट तपकिरी, त्यावर उन्हात किंचित काशासारखी झाक, आणि डोळ्यामागून निघून मानेच्या बाजूने खाली पोटापर्यंत उतरणारा पांढरा पट्टा, ही तिची मुख्य खूण. चोच लाल असून टोकाला काळी असते. डोळ्यापुढे लाल, मांसल, पिसे नसलेली कातडीची झालर असते. ती एकदा नीट दिसली की दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याशी गल्लत होत नाही. टिटवी उडाली की पंखांतील काळा भाग आणि त्यालगतचा रुंद पांढरा पट्टा उठून दिसतो, आणि पांढऱ्या शेपटीवर टोकाशी आडवी काळी पट्टी दिसते. नर आणि मादी दिसायला सारखेच असल्याने घिरट्या घालणारा पक्षी बाप आहे की आई, हे सहसा सांगता येत नाही, आणि तसे सांगण्याची गरजही नाही, कारण अंडी उबवणे आणि राखण करणे ही कामे दोघेही करतात.

टिटवीचे शास्त्रीय नाव व्हॅनेलस इंडिकस असे आहे. तिचे कूळ चिखल्या पक्ष्यांचे, म्हणजे पाण्याच्या काठाने फिरणाऱ्या पक्ष्यांचे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या सोलापुरात किनाऱ्याचा पक्षी कसा, असा प्रश्न काहींना पडतो, परंतु या कुळाला समुद्रच लागतो असे नाही. तलावाचा काठ, नदीचे पात्र, ओढ्याची वाळू, पाणी दिलेले शेत, इतकेच काय, जवळपास कुठे पाणी असलेला मोकळा माळही टिटवीला पुरतो. संभाजी तलाव, एकरुखचा हिप्परगा तलाव, सीना आणि भीमा या नद्यांचे काठ, उजनीचा फुगवटा, अशा सर्व ठिकाणी ती बाराही महिने दिसते. ती स्थलांतर करून येणारी पाहुणी नाही. ती इथलीच रहिवासी आहे.

आता घरट्याविषयी. टिटवी काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. जमिनीवर छाती टेकून आणि पायांनी माती उकरून ती एक उथळ खळगा करते, आणि भोवती बारीक खडे, मातीची ढेकळे, कधी शेळ्यांच्या वाळलेल्या लेंड्या आणून ठेवते. तुमच्या प्लॉटवर खडी आयतीच असल्याने तिला फारसे काही आणावे लागले नसेल. अंडी बहुधा चार असतात. त्यांचा रंग मातकट पिवळसर आणि त्यावर काळे-तपकिरी, वेडेवाकडे डाग. आकार एका टोकाला निमुळता असतो आणि चारही अंड्यांची निमुळती टोके मध्यभागी वळलेली असतात, त्यामुळे ती एकमेकांना चिकटून कमी जागेत बसतात आणि उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटाखाली पूर्ण झाकली जातात. तुमच्या मुलाला ती दिसली याचे कौतुक वाटते. त्याची नजर चांगली आहे, कारण दोन पावलांवर उभे राहूनही अनेकांना ती दिसत नाहीत.

हे न दिसणे हाच टिटवीचा मुख्य आधार आहे, आणि तिच्या बाकीच्या साऱ्या सवयी त्याच्याशी जोडलेल्या आहेत. माणूस दूरवर दिसताच उबवणारी टिटवी अंड्यांवरून गुपचूप उठते, मान खाली घालून वाकड्या वाटेने काही अंतर पळते आणि मगच आवाज करीत उडते. ती जिथून उडाली त्या जागी अंडी शोधणाऱ्याला तिथे काही सापडत नाही. परततानाही ती सरळ अंड्यांकडे जात नाही. थोडे चालते, थांबते, काही टिपल्यासारखे करते, पुन्हा दिशा बदलते आणि मग एकदम खाली बसते. या काळात दुसरा जोडीदार थोड्या अंतरावर उभा राहून पहारा देत असतो. माणूस जवळच येऊ लागला तर दोघेही डोक्यावरून सूर मारतात. हे सूर घाबरवण्यासाठी असतात आणि बहुतेक वेळा पक्षी अंगाला स्पर्श न करता वर निघून जातो, त्यामुळे लहान मुलांना घाबरण्याचे कारण नाही. गुरे किंवा शेळ्या अंड्यांवर पाय देतील अशा अंतरावर आल्या तर मात्र टिटवी पळत नाही. पंख पसरून अंड्यांजवळ उभी राहते आणि ओरडून जनावराला बाजूला वळवू पाहते.

तुम्ही करण्यासारखी गोष्ट एकच आहे: त्या कोपऱ्याकडे जाणे सुमारे चार आठवडे टाळा. अंडी २८ ते ३० दिवसांत उबतात. फोटोसाठी जवळ जाऊ नका. माणूस उभा राहिला की पक्षी उठतो, आणि पक्षी उठला की दोन संकटे एकदम येतात: उन्हात अंडी तापतात आणि आपल्या हालचालींवर लक्ष ठेवणाऱ्या कावळ्यांना जागा कळते. भटकी कुत्री येत असतील तर प्लॉटच्या मालकाला सांगून कुंपणाची फट बुजवून घ्या. त्या प्लॉटवर या महिन्यात बांधकामाचे साहित्य उतरणार असेल तर ते दुसऱ्या टोकाला उतरवण्याची विनंती करा. शांतपणे समजावले तर लोक सहसा ऐकतात.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. पेरणीपूर्व पाळी घालताना टिटवीची अंडी आढळली. ट्रॅक्टरवाल्याने ती उचलून बांधावर ठेवू असे सुचवले. तसे केले तर चालेल का? पाऊस झाल्यावर पेरणी थांबवणे शक्य नाही.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : अंडी उचलून बांधावर ठेवू नका. टिटवी आपली जागा आजूबाजूच्या खुणांवरून ओळखते आणि तिथेच परत येते. दूर बांधावर, गवतात ठेवलेली अंडी ती स्वीकारील याची शाश्वती नाही, आणि ती तशीच पडून राहिली की मुंगूस, कावळा किंवा घोरपड यांच्या तोंडी जातात. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांची अंडी नष्ट करणे, तसेच त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे, हे शिकारीच्या व्याख्येत येते. कायद्याचा उल्लेख धाक दाखवण्यासाठी केलेला नाही. आपल्या शेतात असे घडू शकते हे अनेकांना माहीतच नसते, म्हणून सांगितले.

वाफसा आल्यावर पेरणी थांबवता येत नाही, ही तुमची अडचण पूर्णपणे मान्य आहे. तिच्यावरचा उपाय सोपा आहे. अंड्यांच्या सर्व बाजूंनी चार-पाच पावले जागा न कुळवता, न पेरता तशीच सोडा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला वरून अंडी दिसत नाहीत, म्हणून खूण हवी. मात्र ती अंड्यांच्या अगदी शेजारी नको. उंच काठी किंवा फडके रोवले की कावळ्याला बसायला जागा आणि पाहायला निमित्त मिळते. त्यापेक्षा सोडलेल्या तुकड्याच्या दोन कोपऱ्यांवर वीतभर उंचीचे दगड ठेवा आणि चालकाला स्वतः उभे राहून दाखवा. काम त्या बाजूला एकदाच आणि सलग उरका, म्हणजे पक्षी फार वेळ उठून राहणार नाही. ट्रॅक्टर लांब गेला की टिटवी बहुधा लवकर परत येऊन बसते. भोवतीची जमीन नांगरलेली असली तरी तिला मूळचा खळगा आणि त्याभोवतीचा तुकडा जागेवर सापडला पाहिजे.

एवढ्याशा तुकड्यात तुमचे नुकसान काही ओंजळी धान्याचे होईल. त्या बदल्यात तुमच्या शेतात दिवसरात्र फिरणारे एक जोडपे राहते, जे भुंगेरे, अळ्या, वाळवी, मुंग्या आणि गोगलगायी वेचून खाते. एका जोडप्याने शेतातील कीड संपते असा दावा मी करणार नाही, परंतु शेताला उपद्रव नसलेला आणि कीटकांवर जगणारा पक्षी बांधाच्या आत असावा, असे मला मनापासून वाटते. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा असल्याने इथे बरीच जमीन पावसाळ्याच्या पहिल्या भागात पेरणीविना असते. ज्यांची जमीन तशी आहे त्यांनी अंडी आढळलेल्या भागातील मशागत महिनाभर पुढे ढकलली तर कसलीच तोशीस पडणार नाही.

प्रश्न : आमच्या भागात अशी समजूत आहे की टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर होतो आणि खोलगट जागी घातली तर दुष्काळ पडतो. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असेही म्हणतात. शिवाय टिटवी रात्री घरावरून ओरडत गेली तर घरात वाईट घडते, असे आजी सांगत असे. यात तथ्य किती?
— एक वाचक, अक्कलकोट तालुका

उत्तर : ज्या जिल्ह्याचे पोट पावसावर आहे, तिथे लोकांनी आभाळाबरोबर जमिनीवरच्या प्राण्यांकडेही लक्ष दिले, याचा मला आदर वाटतो. या समजुतींमागे पक्ष्याला वर्षानुवर्षे पाहिल्याची साक्ष आहे. पण भाकीत म्हणून त्या टिकत नाहीत.

टिटवीचा विणीचा मुख्य हंगाम मार्च ते ऑगस्ट असा असतो. म्हणजे अनेक जोडपी मृगाच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यात अंडी घालतात. त्या वेळी जागा निवडताना त्यांना भोवतालचे दूरपर्यंत दिसावे, पाणी फार लांब नसावे, अंड्यांचा रंग मातीत मिसळावा, या गोष्टी महत्त्वाच्या असतात. किंचित उंचवट्यावरून शत्रू लवकर दिसतो, म्हणून ती जागा पुष्कळदा पसंत पडते. तसा उंचवटा पावसाच्या वर्षीही सापडतो आणि दुष्काळाच्या वर्षीही. एकाच वर्षी, एकाच शिवारात एक जोडी बांधावर आणि दुसरी तळ्याच्या कोरड्या पात्रात अंडी घालते, हे लक्ष देऊन पाहिले तर कोणालाही दिसेल. पात्रातली अंडी पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातात. पुढचा पाऊस टिटवीला आधीच कळत असता तर तिने ती जागा घेतलीच नसती. अंडी अशी गेली की जोडी पुन्हा नव्याने अंडी घालते, आणि विणीचा हंगाम लांबलेला दिसतो त्याचे हे एक मोठे कारण आहे.

अंड्यांच्या संख्येबाबत बोलायचे तर या कुळातील बहुतेक पक्षी चारच अंडी घालतात, मग ते सोलापुरात असोत की जिथे चार महिन्यांचा पावसाळा नाही अशा दूरच्या देशात. तीन अंडी दिसली तर एखादे गेले असेल किंवा एखादे घालायचे बाकी असेल.

रात्रीच्या ओरडण्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्या भीतीपोटी लोक टिटवीला दगड मारून हाकलतात. टिटवी रात्रीही जागी असते आणि चांदण्या रात्री तर ती खाद्य शोधत फिरते. अंधारात कुत्रे, कोल्हा, मांजर किंवा माणूस तिच्या हद्दीत आला की ती उडून ओरडते. गावात कोणी आजारी असते तेव्हा घरातील माणसे रात्री जागी असतात, दिवे चालू असतात, ये-जा चालते. त्या हालचालीने टिटवी उठते आणि जाग्या माणसांच्या कानांवर तिचा आवाज पडतो. इतर रात्रीही ती तितकीच ओरडते, फक्त आपण झोपेत असतो. तुमच्या आजींनी ऐकलेला आवाज खरा होता, पण त्याचा रोख घरातल्या कोणाकडे नव्हता. घराजवळ काहीतरी फिरत आहे, एवढीच ती सूचना असते, आणि शेतवस्तीवर राहणाऱ्या माणसाला ती उपयोगीच पडते.

प्रश्न : हिप्परगा तलावाच्या काठी एप्रिलमधील दुपारी एक टिटवी पाण्यात पोट बुडवून बसली, मग घाईने चालत खडकाळ जागी गेली आणि तिथे खाली बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ती आंघोळ करीत होती का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुम्ही जे पाहिले ते टिटवीच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे दृश्य आहे, आणि तुम्ही ते दुरून, पूर्ण होईपर्यंत पाहिले याचा आनंद वाटतो. ती आंघोळ करीत नव्हती. ती अंड्यांसाठी पाणी नेत होती.

उबवणे म्हटले की आपल्याला अंड्यांना ऊब देणेच आठवते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उघड्या मुरमाची जमीन हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापते. अंड्यातील जीव काही काळ गारवा सहन करू शकतो, परंतु अति उष्णतेत तो फार लवकर दगावतो. म्हणून या दिवसांत दुपारी टिटवीचे काम उलटे होते. ती अंड्यांवर पूर्ण टेकून न बसता थोडी उंच उभी राहते आणि त्यांच्यावर स्वतःची सावली धरते. ऊन पुढे सरकले की तीही त्याप्रमाणे वळते. चोच उघडी ठेवून धापा टाकताना ती दिसेल. त्या वाटे ती स्वतःच्या शरीरातील उष्णता कमी करते. आणि पाणी आसपास असेल तर पोटाची पिसे भिजवून आणते, ओल्या पिसांनी अंड्यांना आणि त्यांच्याखालच्या मातीला ओलावा देते. तो ओलावा सुकताना अंडी थंड राहतात. दोघे जोडीदार आळीपाळीने ही खेप करतात, त्यामुळे अंडी फार वेळ उघडी पडत नाहीत. पिले बाहेर आल्यावरही पालक त्यांना अशा भिजल्या पिसांखाली घेतात.

आता हे लक्षात घेऊन विचार करा, की भर दुपारी आपण टिटवीच्या अंड्यांपाशी पंधरा मिनिटे थांबलो तर काय होईल. आपण अंड्यांना हात लावला नाही, पक्ष्याला इजा केली नाही, तरीही केवळ आपल्या उभे राहण्याने चारही अंडी जाऊ शकतात. तलावाकाठी पक्षी पाहायला जाणाऱ्या सर्वांना माझे सांगणे असे, की मार्चनंतर सकाळी नऊच्या आत निरीक्षण आटोपावे, आणि टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे. ज्या बाजूला ती शांत होते ती बाजू आपल्या जाण्याची.

प्रश्न : आभाळ कोसळले तर सावरता यावे म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, हे खरे आहे का? आणि ती झाडावर कधीच का बसत नाही?
— इयत्ता आठवीचा विद्यार्थी, बार्शी

उत्तर : पाय वर करून ती झोपत नाही. विश्रांती घेताना ती एका पायावर उभी राहते किंवा जमिनीवर पोट टेकून बसते. झाडावर न बसण्याचे कारण तिच्या पायांत आहे. चिमणी किंवा कावळा यांच्या पायाला मागच्या बाजूला एक मजबूत बोट असते, ज्याने फांदी घट्ट पकडता येते. टिटवीचे ते बोट अगदी इवलेसे असून जमिनीलाही टेकत नाही. तिचे पाय पळण्यासाठी आहेत. चालताना ती थोडी धावते, थबकते, वाकून काही टिपते आणि पुन्हा धावते. कधी ओल्या जमिनीवर एक पाय थरथरवून लपलेल्या किड्यांना हलवते. शाळेच्या मैदानाच्या कडेला टिटवी येत असेल तर हे नक्की पाहा आणि वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : नान्नजच्या माळरानावर टिटवीसारखाच, पण लहान आणि पिवळ्या रंगाचा पक्षी दिसला. आवाजही वेगळा होता. तो टिटवीचे पिलू होता का?
— एक वाचक, उत्तर सोलापूर तालुका

उत्तर : तो वेगळ्या जातीचा, पूर्ण वाढ झालेला पक्षी असावा. त्याला माळटिटवी किंवा पीतमुखी टिटवी म्हणतात. डोळ्यापुढची झालर पिवळी आणि ठळक, डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी कड, अंग वाळक्या गवताच्या रंगाचे, पाय पिवळे. लांबी २६ ते २८ सेंटिमीटर. छाती काळी नसते आणि गालाजवळ लाल रंग कुठेच नसतो. आवाज कमी कर्कश आणि बारीक असतो. ही जात फक्त भारतीय उपखंडात आढळते आणि पाण्यापासून दूर, कोरड्या, विरळ गवताच्या माळावर राहते.

नान्नजचा माळ माळढोकामुळे सर्वांना माहीत झाला. त्याच्यासाठी १९७९ मध्ये तिथे अभयारण्य घोषित झाले. परंतु त्या माळावर माळटिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी असे जमिनीवरच अंडी घालणारे इतरही पुष्कळ पक्षी आहेत. गवताळ माळाला सरकारी आणि खासगी बोलण्यात अजूनही पडीक जमीन म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते. तिथे झाडे लावली, मुरूम उपसला किंवा सगळा माळ नांगरला, की गावात खडीवर जमवून घेणारी आपली नेहमीची टिटवी तग धरते. माळटिटवीला मात्र तो मोकळा माळच हवा असतो. माळावर गेलात तर गाडी वाटेवरच ठेवा. गवतातून गाडी घातली तर चाकाखाली काय आले हे कळणारही नाही.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेले असताना वाहनतळाच्या खडीत एक पक्षी एक पंख लोंबकळत, लंगडत पळताना दिसला. आम्ही त्याला धरायला गेलो तर तो पुढे सरकत राहिला आणि शेवटी व्यवस्थित उडून गेला. आपल्याकडची टिटवी असे करते का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : तुम्ही पाहिलेला पक्षी बहुधा किलडिअर असावा. तो उत्तर अमेरिकेतील चिखल्या आहे. पाठ तपकिरी, पोट पांढरे आणि छातीवर दोन काळे आडवे पट्टे, ही त्याची खूण. तोही खडीत उथळ खळगा करून चार ठिपकेदार अंडी घालतो. शत्रू जवळ आला की पंख मोडल्यासारखा पसरून, शेपटीवरचा नारिंगी रंग दाखवत जमिनीवरून फरफटत जातो. सोपी शिकार समजून शत्रू त्याच्यामागे लागतो आणि अंड्यांपासून पुरेसा लांब आला की पक्षी उडून जातो. तुम्ही मागे गेलात तितका वेळ अंडी तुमच्या पाठीमागे सुरक्षित होती.

आपल्याकडची टिटवी प्रामुख्याने आरडाओरडा आणि सूर मारणे यांवर भर देते. पंख मोडल्याचे सोंग पाहायचे असेल तर पंढरपूरजवळ भीमेच्या वाळूत कंठेरी चिखल्या शोधा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, गळ्यात एक काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळे कडे असलेला हा पक्षी वाळूवर अंडी घालतो आणि हुबेहूब तसेच सोंग करतो. तसा पक्षी दिसला तर त्याच्यामागे जाऊ नका. आणि जिथे उभे आहात तिथे पुढचे पाऊल टाकण्याआधी पायाखाली नीट पाहा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सपाट गच्चीवर टिटवीने अंडी घातली होती. आता चार पिले बाहेर आली आहेत. ती उडू शकत नाहीत. त्यांना खाली आणून भात किंवा भिजवलेली डाळ द्यावी का?
— एक शिक्षक, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : भात किंवा डाळ देऊ नका. टिटवीची पिले अंड्यातून बाहेर येतात तीच डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन. अंग वाळले की काही तासांत ती चालू लागतात आणि किडे स्वतः टिपतात. आईबाप त्यांना चोचीने भरवत नाहीत. ते त्यांना खाद्य असलेल्या जागी नेतात, धोक्याची सूचना देतात आणि ऊन-थंडीत पोटाखाली घेतात. इशाऱ्याचा आवाज झाला की पिलू जिथे असेल तिथे जमिनीला चिकटून निश्चल पडून राहते. असे पडलेले पिलू मेलेले किंवा आजारी समजून लोक उचलून घरी आणतात आणि ते हाल होऊन मरते. रस्त्याकडेला किंवा शेतात असे पिलू दिसले तर ते तिथेच राहू द्या. पालक जवळच असतात.

गच्चीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे पुरेसे किडे नसतात आणि पिलांना लवकर खाली जावे लागते. टिटवी खालून हाका मारते आणि पिले कठड्यावरून किंवा पाण्याच्या नळीतून उतरू पाहतात. वजनाने अगदी हलकी असल्याने ती पुष्कळदा सुखरूप पडतात, परंतु खाली फरशी, कुत्री किंवा वाहने असली तर धोका असतो. म्हणून प्रथम पाणी जाण्याच्या नळ्यांची तोंडे जाळीने झाका. गच्चीवर मातीच्या पसरट थाळीत बोटभर पाणी आणि त्यात खडे ठेवा, आणि भिंतीला एक फळी तिरकी टेकवून सावली करा. विद्यार्थ्यांना गच्चीवर जाण्यास मनाई करा. पालक शाळेच्या मैदानावरून हाका मारू लागले आणि पिले कठड्याशी घुटमळू लागली, तर सकाळच्या गार वेळी चारही पिले एकाच वेळी खोक्यात घेऊन मैदानाच्या कडेला, गवत असलेल्या जागी, पालकांच्या नजरेसमोर सोडा आणि लगेच दूर व्हा. एकेक पिलू वेगवेगळ्या वेळी आणू नका, कारण पालकांना दोन ठिकाणी राखण करता येत नाही.

पालक दोन-तीन तास अजिबात फिरकले नाहीत किंवा एखादे पिलू जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा आणि कर्मचारी येईपर्यंत पिलू हवेशीर खोक्यात, सावलीत, शांत जागी ठेवा. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका.